पट्टा की खुर्ची? बास अंगावर घेण्याच्या दोन तऱ्हा

हेडफोन कितीही चांगला असो, खरजातला ठोका कानात येऊन थांबतो. छातीपर्यंत उतरत नाही. ही रुखरुख लागल्याशिवाय कुणी या भानगडीत पडत नाही, त्यामुळे बासचा ठोका अंगाला पोचवणारी ही यंत्रं कशासाठी असतात ते सांगत बसत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. ठोका अंगावर बांधून घ्यायचा, की बसल्या जागी खालून येऊ द्यायचा? मी दोन्ही करून पाहिलं. आधी पट्टा घेतला, म्हणजे बासबरोबर थरथरणारा कंपक छातीवर बांधायचा पट्टा, आणि दीडेक वर्ष वापरला. मग खुर्चीच्या बुडाला शेकर, म्हणजे बासबरोबर खुर्चीच हलवणारं यंत्र, बसवला. आता पट्टा कपाटात असतो आणि मी खुर्चीत, म्हणजे माझा कल कुठे आहे ते पहिल्या परिच्छेदातच फुटलं. तरी पट्ट्याची बाजू नीट मांडतो. त्याच्यावर माझा राग नाही, आणि तुमची गरज माझ्यासारखीच असेल असंही नाही.

पट्ट्याने पहिल्या दहा मिनिटांत मला खिशात टाकलं होतं. छातीच्या मधल्या हाडावर तो टेकवला, बास ड्रम सुरू झाला आणि मी खोलीत एकटाच मोठ्याने हसलो. मोठ्या स्पीकरांपुढे उभं राहिल्यावर दणका जिथे बसतो, नेमका तिथेच बसला. खुर्चीच्या शेकरला हे जमत नाही, हे आधीच कबूल करतो. त्याचा ठोका मांड्यांतून, माकडहाडातून वर चढतो. छातीत येईपर्यंत त्याची धार गेलेली असते. शिवाय पट्टा उभ्याने चालतो, फिरताना चालतो, प्रवासात चालतो. जाकिटाचा प्रकार घेतला तर पुढे-मागे, डावी-उजवीकडे वेगवेगळे कंपक असतात, त्यामुळे गेममध्ये स्फोट कुठल्या बाजूला झाला ते पाठीला कळतं. खुर्चीला डावं-उजवं समजत नाही. ती आपली सगळीच्या सगळी हलते.

मग बिनसलं कुठे? आवळण्यात.

ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण माझ्यापुरता निकाल इथेच लागला. कंपक अंगाला किती घट्ट टेकलाय, त्यावर तुमच्यापर्यंत किती पोचणार ते ठरतं. सैल असला तर तो कातडीवर नुसता भुणभुणतो, खिशात फोन थरथरावा तसा. आवळला की ठोका एकदम आत जातो, पण मग श्वास घेताना पट्टा जाणवायला लागतो. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी एक जागा असते. ती सापडली की काय विचारता! पण ती टिकत नाही. खोल श्वास घेतला की ठोका जड, सोडला की हलका. काही उचलायला वाकलो की पट्टा बोटभर खाली. जाड सदरा घातला की कालचा हिशोब बाद. मागे टेकून बसलो तर बक्कल पाठीला टोचतं आणि पुढचा ताण वेगळाच होतो.

त्रास नुसता हात वर-खाली करण्याचा असता तर सोसला असता. खरी गोम अशी, की काहीतरी बदललं हे कळायचं, पण ते गाण्यात बदललं की पट्ट्यात, ते कळेना. अंतऱ्याला बास मागे घेतलाय, की मी नुकताच वाकलो होतो? काल हेच गाणं भरगच्च वाटलं, आज पातळ का? एका रात्री एकाच गाण्यात चार वेळा बक्कलाला हात गेला, आणि चौथ्यांदा लक्षात आलं की वाजवणाऱ्याने काय केलंय ते मी ऐकतच नाहीये. बक्कलाने काय केलंय ते ऐकतोय. त्यानंतर ते डोक्यातून जाईना. काही लोकांना घड्याळाची टिकटिक एकदा ऐकू आली की झोप लागत नाही, तसं झालं.

एका मित्राचं जाकीटही एक संध्याकाळ घालून पाहिलं. त्यात ताण जास्त जागांवर वाटला जातो, त्यामुळे सरकणं बरंच कमी, हे मान्य. पण अर्ध्या तासात पाठ घामेजली, आणि अंगात चिलखत घालून आलाप ऐकतोय असं वाटायला लागलं. मित्र मात्र त्यावर खूश आहे. तो उभ्याने खेळतो, हातवारे करत. त्याला ते शोभतंही.

खुर्चीत पहिल्यांदा बसलो तेव्हा दणका थोडा निराशाजनकच वाटला. मऊ, पसरट, कमरेखालचा. मोठेपणा दुसऱ्या आठवड्यात कळला. इथे आवळायचं काम माझं वजन करतं. रोज तेवढंच, न सांगता. बसलो की जुळलं, उठलो की सुटलं. एकच गाणं सोमवारी आणि गुरुवारी सारखंच लागायला लागलं, त्यामुळे दोन गाण्यांतला फरक हा खरोखर त्या गाण्यांतला फरक आहे असा भरवसा बसला. याला मोजमाप म्हणत नाही, पाठीचा अनुभव म्हणतो. पण हे विकत घ्यायचं ते पाठीसाठीच ना.

स्टेजवर कानात मॉनिटर, म्हणजे वाजवलेलं ऐकवणारे छोटे स्पीकर, घालणारे बरेच ड्रमर आपल्या स्टुलाखाली असाच शेकर लावतात. कानात बोळे गेले की स्वतःच्या पायाचा ठोका अंगाला लागेनासा होतो, तो ते बुडाखालून परत मिळवतात. अशा एका शेकरचं नावच बटकिकर, म्हणजे बुडाला लाथ मारणारा; त्या नावामागची थट्टा उगाच नाही. हात-पाय मोकळे हवेत आणि ठोका दर वेळी सारखा हवा, असं ज्यांचं पोटच त्यावर आहे, त्यांनी बैठक निवडावी यात मला तरी काहीतरी दिसतं.

अर्थात खुर्ची काही गुणाची पुतळी नाही. शेकर लाकडी किंवा लोखंडी सांगाड्याला स्क्रूने घट्ट बसवावा लागतो. फोमला चिकटवला तर फोमच सगळं गिळून टाकतो. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, वायर लागते. आणि पहिल्या संध्याकाळी खुर्चीतला प्रत्येक ढिला नट स्वतःची ओळख करून देतो. माझ्या खुर्चीत डाव्या हाताचा एक बोल्ट होता, तो ठरावीक सुरालाच खुळखुळायचा. दोन दिवस मला वाटलं रेकॉर्डिंगमध्येच खंजिरी आहे.

त्याहून चिवट दोष म्हणजे एकसुरीपणा. छोट्या शेकरांचा स्वतःचा एक लाडका सूर असतो, बहुतेकदा ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांच्या, अलीकडे-पलीकडे, आणि तिथे ते उगाच उड्या मारतात. आता बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी सोडली की ४१ हर्ट्झवर वाजते. म्हणजे वादक त्या तारेवर आला रे आला की खुर्ची पिसाळते, आणि वरच्या तारेवर गेला की गप्प. यावर उपाय आहे: २० पासून १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावायचा, कुठे बूड जास्त हादरतं ते टिपायचं आणि इक्वलायझरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या सुरांचा जोर कमी-जास्त करायच्या सोयीत, तेवढाच भाग काही डेसिबलने खाली ओढायचा. एक रविवार जातो. पण जातो तो एकदाच. पट्ट्याचा रविवार रोजचा होता.

वरची मर्यादाही लावून घ्या, म्हणजे ठरावीक हर्ट्झच्या वरचे सूर शेकरला पोचूच देऊ नका. ती फार महत्त्वाची. कातडीखालचे, कंपनं टिपणारे पॅसिनियन संवेदक २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात हळवे असतात, म्हणजे आपल्याला हव्या त्या खरजापेक्षा कितीतरी वर. मर्यादा सैल ठेवली तर ठोक्याआधी गुदगुल्याच पोचतात. पुरुषी बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये फिरतो. तो शेकरमध्ये घुसला की बातम्या वाचणारा माणूस तुमच्या मांडीखाली बसून बोलतोय असं वाटतं. विनोद नाही, पाच मिनिटांत डोकं उठतं. मी ८० हर्ट्झवर कापतो. अपवाद तबल्याचा. डग्ग्याचा घुमारा नीट यायचा तर मर्यादा जरा वर न्यावी लागते, आणि ती नेली की मौज येते. मनगट दाबत घुमारा सरकवला की स्वर चढतोय हे कान सांगतो. पाठ फक्त म्हणते, खालून काहीतरी सरकत गेलं. कातडीला स्वराची समज तोकडीच. लागोपाठच्या दोन स्वरांत, म्हणजे शुद्ध आणि कोमलात, जेमतेम सहा टक्क्यांचं अंतर असतं, आणि कंपनाच्या वेगातला तेवढा फरक तिला बहुधा कळतच नाही. पट्टा घ्या की खुर्ची, ‘अंगाने गाणं ऐका’ या जाहिरातीतलं गाणं कानालाच ऐकायचं असतं. अंगाकडे लय येते, आणि जोर.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच बिघडते, म्हणून इथे सांगून टाकतो: ब्लूटूथ. साध्या ब्लूटूथ हेडफोनला आवाज पोचायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर ५०० मिलिसेकंद. शेकर वायरवर आणि हेडफोन हवेवर ठेवलात तर ठोका आधी बुडाला आणि मग, पाव मात्रेहून जास्त उशिराने, कानाला. असं वाटतं की तबलजी आणि आपण वेगवेगळ्या खोल्यांत आहोत. दोन्ही वायरवर ठेवा. पट्ट्यात हेडफोन पट्ट्यालाच जोडायची सोय असेल तर हा प्रश्न सुटतो, हा त्याचा गुण नोंदवतो.

आता दुसऱ्यांचं. पट्टा हा ज्याचा त्याचा असतो. शेजारी बसलेल्याला पत्ताही लागत नाही. शेकर मी आधी सोफ्याला लावला होता. दुसऱ्या टोकाला बायको वाचत बसली होती. तिने पुस्तक मिटलं, माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शेकर एकट्याच्या खुर्चीला गेला. खालच्या मजल्याचाही विचार करा. त्यांना गाणं ऐकू जात नाही, पण ठोका जमिनीतून जातो, आणि गाण्यावाचूनचा ठोका म्हणजे कुणीतरी रात्री अकराला खलबत्ता घेऊन बसलंय असंच वाटणार. खुर्चीच्या पायांखाली जाड रबर घातल्यावर माझ्याकडे तक्रार आली नाही. जमीन लाकडी असेल, भिंती पातळ असतील, तर मात्र खुर्चीचा आग्रह मी धरणार नाही. तिथे पट्टाच शहाणपणाचा.

मधला एक मार्ग असतो: खुर्चीच्या पाठीला बांधायची, आत कंपक असलेली गादी. सबपॅकसारख्यांनी ही बैठी गादीही काढली आणि पाठीवर घ्यायचा अवतारही. गादीला स्क्रू नको, खुर्ची उसवायला नको. टेकून ऐकणाऱ्यांसाठी ही झकास. मला ऐन रंगात पुढे वाकायची खोड आहे, आणि पुढे वाकलं की बास जागेवर राहतो, मी पुढे जातो. तुमची बैठक शिस्तीची असेल तर हा मार्ग तपासून पाहाच.

पट्टा किंवा जाकीट कुणाला निःसंकोच सुचवेन? उभ्याने खेळणाऱ्यांना, नाचणाऱ्यांना, आणि एका खोलीत बांधून घ्यायचं नसलेल्यांना. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांनाही, कारण कंपक शरीरावर कुठे ठेवायचा याची मोकळीक त्यांच्यासाठी सोय नसून गाण्याचा भागच असू शकते. एव्हलिन ग्लेनी या स्कॉटिश तालवादिकेची श्रवणशक्ती लहानपणीच जवळजवळ गेली. त्या अनवाणी उभ्या राहून वाजवतात, पायांतून येणारं घेतात. त्यांच्यापुढे माझ्या बक्कलाचं रडगाणं फारच किरकोळ आहे. पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील, तर छातीवर-पोटावर कंपकातलं चुंबक आणि त्याचे हादरे बांधण्याआधी डॉक्टरांना विचारा, खुर्चीबाबतही विचाराच.

एक फायदा मात्र मला खुर्चीनेच दिला. आवाज लहान ठेवला की कानाला सगळ्यात आधी बास कमी पडतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणून आपण बाससाठी म्हणून आवाज वाढवतो आणि बाकीचं सगळंही कानावर आदळून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि माझ्यासारखा माणूस ती नकळत ओलांडत असतो. खालून ठोका मिळायला लागल्यापासून माझा आवाज पूर्वीच्या खुणेच्या बराच खाली आलाय. पट्ट्यानेही हे व्हायला हरकत नव्हती. पण त्याचा ठोका कधी असायचा, कधी नसायचा, म्हणून मी आवाज वरच ठेवायचो.

ठरवण्याआधी एवढं करा. कुणाचा तरी पट्टा दोन दिवस उसना आणा. दोन्ही दिवस एकच गाणं लावा, नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या जागी, जोर कमी-जास्त न करता. गाणं संपेपर्यंत बक्कलाला किती वेळा हात गेला ते मोजा. एकदाही गेला नाही, तर पट्टा घ्या आणि माझे हे चार शब्द विसरा. तीनदा गेला, तर पट्टा परत करताना त्या गृहस्थाला सहज विचारा, तुमच्याकडे ड्रिल आहे का.