पत्र्याच्या खोलीत ओव्हरक्लॉक: अकरा महिन्यांचा अनुभव

निपाणीत आमच्या माडीवर पत्र्याची खोली आहे. तिथे मी आणि दादा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. लग्नसराई ऐन एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पत्रा सगळ्यात जास्त तापतो तेव्हाच मशीनला सगळ्यात जास्त काम. गेल्या मेमध्ये जुन्या बाजारातून इंटेलचा आय-७ ८७००के प्रोसेसर घेतला, सहा कोअर, बारा थ्रेड, गुणक मोकळा, म्हणजे वेग ठरवणारा आकडा आपल्याला वाढवता येतो. सोबत चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर. तेव्हापासून जे घडलं ते सविस्तर लिहितोय, कारण आपल्या भागात उन्हाळ्यात असं मशीन चालवणाऱ्याला हे आधी कुणीतरी सांगायला हवं.

पहिल्या आठवड्यात ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवला: गुणक ५० केला आणि व्होल्टेज ऑटोवर ठेवलं. पाच गिगाहर्ट्झ मिळाले, गेममध्ये तापमान पंचाहत्तरच्या आसपास, मी खूश. मग पहिला दोन तासांचा लग्नाचा व्हिडिओ रेंडरला लावला, म्हणजे एडिट केलेल्याची अंतिम फाइल बनवायला लावली. दहा मिनिटांत ९८, मग १००. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे, तिथे पोचला की तो स्वतःच वेग उतरवतो. पंखा असा घोंघावायला लागला की खालून आई म्हणाली, "काय रं, त्यो डबा का एवढा घुमतोय? जरा दम घेऊ दे की त्याला." गेम आणि रेंडर यांत एवढा फरक का, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. रेंडरमध्ये सहाही कोअर पूर्ण भरलेले असतात आणि एव्हीएक्स सूचना (एकाच वेळी बरीच आकडेमोड करणाऱ्या) चालतात, त्या जास्त वीज ओढतात. गेममधलं तापमान बघून ओव्हरक्लॉक पास झाला असं समजणं ही माझी खरी चूक.

कोल्हापुरात चौकशी केली तर एका दुकानात लिक्विड कूलर घ्या म्हणाले. घ्यायच्या बेतात होतो. पण आधी व्होल्टेज बघितलं, तर मदरबोर्डाने ऑटोमध्ये १.३६ व्होल्ट दिलं होतं. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या सरळ प्रमाणात. म्हणून ४.८ गिगाहर्ट्झ आणि हाताने १.२४ व्होल्ट असं ठरवून हिशोब केला: वेग चार टक्के कमी, वीज वीस टक्के कमी. प्रत्यक्षात मॉनिटरिंगमध्ये १५५ वॅटवरून १२२ वर आलं. तोच प्रोजेक्ट दोनदा रेंडर करून वेळ मोजली. ५.० वर १ तास ५२ मिनिटं, ४.८ वर १ तास ४९. जास्त वेगाचं मशीन तापून मागे पडत होतं, कमी वेगाचं शेवटपर्यंत एका चालीने धावलं. लिक्विड कूलरचे पैसे तिथेच वाचले.

मोठा कूलर घेऊनही फार फरक पडला नसता, असं मला आता वाटतं. या पिढीत सिलिकॉनची चिप आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये सोल्डर नाही, थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) आहे. उष्णता आधी तिथे अडते, कूलरपर्यंत येते नंतर. झाकण उघडून आतली पेस्ट बदलणारे लोक आहेत. मी ते करणार नाही, या मशीनवर घर चालतं.

दुसरी गोष्ट खोलीची. कूलर उष्णता नष्ट करत नाही, प्रोसेसरवरून उचलून खोलीत सोडतो, त्यामुळे खोलीच्या हवेपेक्षा गार तो कधीच होऊ शकत नाही. मी भिंतीवर साधा थर्मामीटर लावून वही ठेवली. मेच्या दुपारी खोली ३८, प्रोसेसर ८६. त्याच दिवशी पहाटे तीनला खोली २९, प्रोसेसर ७७. जानेवारीत खोली २१, प्रोसेसर ६९. फरक प्रत्येक वेळी अठ्ठेचाळीसच! म्हणून आता दिवसा कट करतो आणि रात्री जेवून रेंडर लावतो. नऊ अंश फुकट मिळतात. बेळगावला मावसभावाचं असंच मशीन आहे, पण शहर २५०० फुटांच्या आसपास उंचीवर आणि त्याची खोली स्लॅबखाली, त्यामुळे त्याचे आकडे माझ्यापेक्षा कायम कमी. दुसऱ्याचे आकडे बघताना आधी त्याच्या खोलीचं तापमान विचारा.

आणि धूळ. निपाणीची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. गल्लीच्या टोकाला तंबाखूच्या वखारी आहेत, त्यांची बारीक भुकटी हवेत असते. सुरुवातीला मी साइड पॅनेल काढून टेबलफॅन लावला होता. तापमान चार-पाच अंश उतरलं, पण पंधरा दिवसांत हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये तपकिरी थर बसला आणि सगळा फायदा गेला. आता पॅनेल बंद, पुढून दोन पंखे हवा आत घेतात, मागचा एक बाहेर टाकतो. आत येणारी हवा जास्त असल्याने फटींमधून धूळ ओढली जात नाही, ती जाळीतूनच येते. जाळी दर रविवारी धुतो. हंगामात आठवड्यातून दोनदा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेच्या जोराने तो भलत्याच वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होतं.

कूलरबद्दल थोडक्यात. काम चोख आहे, सहा महिन्यांनी पंख्याला बारीक खडखड आली, एक स्क्रू आवळल्यावर गेली. बसवताना मात्र बोर्ड बाहेर काढावाच लागतो. आठव्या महिन्यात कूलर आणि झाकण यांच्यामधली, म्हणजे बाहेरची पेस्ट बदलली, हरभऱ्याच्या डाळीएवढी, तेव्हा तीन अंश उतरले.

१.२२ व्होल्टवरही चालवून पाहिलं होतं. बेंचमार्क (मशीन ताणून बघणारी चाचणी) पास झाला, पण एका लग्नाचं रेंडर सत्तर टक्क्यांवर बंद पडलं आणि विंडोजच्या नोंदींमध्ये हार्डवेअर एरर दिसल्या. नवरीकडच्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह द्यायचा होता, रात्रभर जागून दिला. तेव्हापासून १.२४ हलवलेलं नाही. तुमच्या चिपला कमी लागेल किंवा जास्त, प्रत्येक चिप वेगळी असते, पण बेंचमार्कवर थांबू नका, तुमचं रोजचं काम पूर्ण लांबीचं चालवून बघा.

वीज कमी लागते त्याचा एक फायदा मी धरलाच नव्हता: लाइट गेली की यूपीएसवर आता थोडी जास्त मिनिटं मिळतात, तेवढ्यात प्रोजेक्ट सेव्ह करून मशीन नीट बंद करता येतं. काल दुपारी खोली ३७ होती, प्रोसेसर ८५. या रविवारी पत्र्याखाली थर्माकोलचं छत मारायचं ठरवलंय, दादाने शीट आणून ठेवल्यात.