संशोधनासाठी मोफत नकाशे : नऊ महिने वापरल्यानंतर

सोलापूर परिसरातल्या तलावांचं पाण्याखालचं क्षेत्र गेल्या चाळीस वर्षांत कसं बदललं, हा माझा पीएचडीचा विषय. हिप्परग्याचा तलाव म्हणजे एकरुख, गावातला सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव आणि उत्तर-दक्षिण सोलापूर तालुक्यांतले पाझर तलाव. नऊ महिन्यांपूर्वी सुरुवात केली तेव्हा डेटा विकतच घ्यावा लागतो अशी माझी समजूत होती. एका विक्रेत्याने सांगितलेला आकडा ऐकून मी विषय बदलायच्या विचारात होते. आज सांगते, डेटासाठी एक रुपयाही लागला नाही. वेळ मात्र भरपूर गेला. तो कुठे गेला ते लिहिते, म्हणजे तुमचा तरी वाचेल.

पहिलं काम टोपोशीटचं, म्हणजे चढउतार, नद्या, गावं दाखवणाऱ्या सरकारी नकाशाचं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या ओपन सिरीज शीटच्या पीडीएफ नोंदणी केली की मोफत उतरवता येतात. अडलं ते नंबरावर. जुन्या प्रबंधांत सोलापूर शहराचं शीट ४७ ओ/१४ असं असतं, तर नव्या मालिकेत तेच ई४३पी१४. मी दोन दिवस जुना नंबर शोधत बसले होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुनी शीटं एव्हरेस्ट गोलाभावर आहेत, नवी डब्ल्यूजीएस ८४ वर; पृथ्वीचा आकार धरायच्या या दोन वेगळ्या पद्धती. जुन्या शीटचा स्कॅन नव्याचेच अक्षांश-रेखांश धरून बसवला, तर तलाव शेजारच्या शेतात सरकतो. माझा सरकला होता, आणि ते लक्षात येईपर्यंत निम्मा तलाव आखून झाला होता. शीटच्या समासात सर्वेक्षणाचं वर्ष छापलेलं असतं, ते आधी वहीत उतरवून घ्या. का, ते पुढे येईलच.

उपग्रहचित्रांसाठी अमेरिकेचे लँडसॅट आणि युरोपचे सेंटिनेल-२ ही दोन नावं पुरेत. लँडसॅटचा साठा २००८ पासून सर्वांना मोफत आहे आणि ३० मीटरची चित्रं १९८४ पर्यंत मागे जातात. सेंटिनेल-२ चं पहिलं यान २०१५ मध्ये गेलं. त्याचे मुख्य चार पट्टे, म्हणजे प्रकाशाच्या एकेका भागात टिपलेली चित्रं, १० मीटरचे, आणि दोन यानं मिळून दर पाच दिवसांनी चित्र मिळतं. हे आकडे मला खरे समजले ते गुंठ्यांत मोजल्यावर. लँडसॅटचा एक पिक्सेल, चित्रातला ३० मीटर बाजूचा एक चौकोन, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे, सेंटिनेलचा साधारण एक गुंठा. दोन एकरांचा पाझर तलाव लँडसॅटमध्ये जेमतेम नऊ चौकोनांचा दिसतो आणि त्यातले बहुतेक काठावरचे, अर्धं पाणी अर्धी माती असलेले. म्हणून लहान तलावांचा १९८४ पासूनचा इतिहास सांगायचा नाही, असं मी मार्गदर्शकांशी बोलून ठरवलं. एकरुखचा सांगता येतो.

एक सेंटिनेल चित्र उतरवायचं म्हणजे जवळपास एक जीबी. मोबाइलच्या नेटवर ते परवडेना, तेव्हा गूगल अर्थ इंजिनवर गेले. शैक्षणिक कामाला ते मोफत आहे. हिशोब तिकडेच होतो आणि आपण फक्त उत्तर उतरवून घेतो. जावास्क्रिप्ट थोडं शिकावं लागलं, पण नऊ महिन्यांत माझं सगळ्यात जास्त काम यानेच केलं. बाकी सगळं क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये.

आता मूळ मुद्दा, तारखेचा. फेब्रुवारीत मी वेबवरच्या एका तयार पार्श्वचित्रावरून एकरुखचा काठ आखला. चित्र स्वच्छ होतं, पाणी भरलेलं होतं. मार्चमध्ये स्कूटी घेऊन हिप्परग्याला गेले. मी जिथे पाण्याची रेघ ओढली होती तिथे हरभऱ्याचा काढलेला माल पडला होता. तिथल्या काकांना मोबाइलवर नकाशा दाखवला, तर ते म्हणाले, "ताई, हे गाळपेर हाय. पाणी वसरलं की आमी पेरतो, पाऊस आला की परत तळ्याचं." पार्श्वचित्र चुकीचं नव्हतं. ते कुठल्या महिन्याचं आहे हेच मला माहीत नव्हतं. घरी येऊन मी तो सगळा लेयर पुसला. आता दर वर्षाची दोनच चित्रं घेते, पावसाळ्यानंतरचं पहिलं निरभ्र आणि मेच्या शेवटचं. दोन्हींच्या मधली जमीन गाळपेर म्हणून वेगळी दाखवते. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्या काकांच्या वाक्यातून निघालं आहे.

तारखेचा हाच फटका उंचीच्या डेटालाही बसतो. एसआरटीएमची, म्हणजे अंतराळयानातून रडारने मोजलेली जमिनीची उंची सगळेच वापरतात, पण ती मोजणी फेब्रुवारी २००० मधल्या अकरा दिवसांची. त्या दिवशी तलावात जेवढं पाणी होतं त्याचा सपाट पृष्ठभाग तिच्यात आला आहे, तळ नाही. त्यावरून तलावाची साठवण काढलेली दिसली तर विश्वास ठेवू नका. कार्टोसॅट या भारतीय उपग्रहाची उंची इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावरून मिळते, पाण्याच्या बाबतीत तिथेही तेच. भुवनवर वेगवेगळ्या वर्षांचे भूवापराचे नकाशे शेजारी ठेवून बघता येतात, मला त्याचा पडताळ्यासाठी फार उपयोग झाला.

पाणी ओळखायला हिरवा आणि अवरक्त पट्टा वापरून निर्देशांक काढतात. कंबर तलावावर जलपर्णी पसरली की तो निर्देशांक पाण्याला शेत समजतो. तिथे मी हाताने काठ आखला आणि तसं स्पष्ट लिहिलं. जुलै-ऑगस्टच्या ढगांवर उपाय सेंटिनेल-१, ते रडार आहे, ढगांतून पाहतं. वाऱ्याने लाटा उठल्या की तेही फसतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला गावांच्या नावांत. एका कार्यालयातून गावांच्या हद्दीची शेपफाइल, म्हणजे नकाशाच्या रेषा साठवणारा फाइलींचा संच, मिळाली. पाच अर्ज, तीन खेपा, आणि शेवटी पेनड्राइव्हवर नुसती एसएचपी फाइल. सोबतच्या डीबीएफ, एसएचएक्स आणि पीआरजे फाइलींशिवाय ती निरुपयोगी असते, तेव्हा तिथेच उघडून बघा. पुढच्या खेपेला सगळं मिळालं, तर नावं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, नुसती चिन्हांची खिचडी. ती हाताने लिहून काढली. मग जनगणनेशी जोडायला गेले तर एकीकडे हिप्परगा, दुसरीकडे हिप्परगे, तिसरीकडे तळे हिप्परगा. जुन्या इंग्रजी नकाशांवर शहराच्या नावाचंच स्पेलिंग शोलापूर. शेवटी नावांचा नाद सोडला आणि २०११ च्या जनगणनेचे सहा अंकी ग्रामसंकेतांक धरले. ते पहिल्या दिवशीच धरायला हवे होते.

वेळ काढून एक नकाशा नक्की बघा. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकी लष्कराच्या १:२,५०,००० प्रमाणाच्या भारताच्या शीटी स्कॅन करून ठेवल्या आहेत, १९५० च्या दशकातल्या. उजनी धरण १९८० चं. त्या नकाशावर करमाळ्याच्या बाजूला भीमा नुसती नदी आहे, आणि आज जिथे पाणी आहे तिथे काठाकाठाने गावांची नावं लिहिलेली आहेत. मी ती एकेक करून वाचली. माझ्या विषयाशी त्याचा संबंध नाही, तरी ती शीट मी छापून टेबलासमोर लावली आहे.

प्रबंधात भारताची बाह्यसीमा सर्व्हे ऑफ इंडियाचीच घ्या. परदेशी संकेतस्थळांवरच्या तयार फाइलींत काश्मीरची सीमा वेगळी असते, आणि ते छापून झाल्यावर लक्षात आलं तर फार त्रास होतो.

उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या गावांची नावं, पर्यायी रूपं आणि संकेतांक जुळवलेला तक्ता माझ्याकडे तयार आहे. बार्शी आणि मोहोळचं काम चालू आहे. कुणी याच भागावर काम करत असेल तर मागा, देईन. अक्कलकोटची नावं कन्नड उच्चारांमुळे मला नीट लागत नाहीत, तिथलं कुणी मदत करेल तर हवंच आहे.