आठ महिन्यांच्या थेरपीनंतर: पोराआधी आमचीच शाळा झाली

आमचं पोरगं साडेचार वर्षांचं. ऑटिझम आहे हे कळून दीड वर्ष झालं. आम्ही खानापूर तालुक्यातले, थेरपीला बेळगावला जातो. आत्ता जिथं जातोय तिथं आठ महिने झाले, म्हणून लिहितोय.

आधीच्या ठिकाणाबद्दल थोडक्यात. पोराला आत न्यायचे, दार बंद. आम्ही पाऊण तास बाहेर बाकावर. बाहेर आलं की "आज छान बसला" एवढंच. घरी आल्यावर करायचं काय, ते कुणी सांगितलं नाही. वर एक सल्ला मिळाला: घरात मराठी, गल्लीत कन्नड, त्यानं पोराचा गोंधळ होतोय, एकच भाषा बोला, जमलं तर इंग्रजी. बायकोनं महिनाभर "कम, सिट, ईट" केलं. तिलाच रडू यायचं ओ. आपल्या पोराला चिऊ-काऊ सुद्धा म्हणायचं नाही म्हणजे काय?

नव्या मॅडमनी पहिल्या दिवशी पोराची फाईल उघडलीच नाही. विचारलं, "दिवसातली सगळ्यात अवघड वेळ कुठली?" बायको म्हणाली, आंघोळ. मग अर्धा तास फक्त आंघोळीवरच बोलणं. पाणी डोक्यावर ओतता की अंगावरून? सांगून ओतता की एकदम? तांब्याचा आवाज होतो का? त्या दिवसापासून आधी पाय, मग हात, डोकं शेवटी, आणि तांब्याऐवजी प्लास्टिकचा मग. रडणं थांबलं नाही, पण आधी गल्लीला ऐकू जायचं, आता घरातच राहतंय.

भाषेचं विचारलं तर त्या म्हणाल्या, दोन भाषांमुळं ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागं पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तुम्हाला जी मनापासून येते ती बोला. पोराचा पहिला शब्द कुठला आला माहितीये? "ब्याड", म्हणजे नको. शेजारच्या अक्कांकडून उचललेला. नको असलेलं ताट सरकवत अगदी ठसक्यात म्हणाला. आम्ही मराठीचे एवढे अभिमानी, आणि पोराचा पहिला शब्द कन्नड! त्या रात्री घरात कुंदा आला.

मुख्य काम म्हणजे व्हिडिओ. दर पंधरा दिवसांनी आम्ही पोराशी खेळताना दहा मिनिटांचं शूटिंग करायचं आणि मॅडमसोबत बसून बघायचं. पहिला व्हिडिओ माझा. चिरमुऱ्यांचा डबा घेऊन बसलोय आणि "हे काय? ते काय? बोल की" असा एकसारखा भडिमार. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, प्रश्न मोजा. एकतीस भरले. पोरानं मधे दोनदा माझ्याकडं बघितलं होतं, ते मला व्हिडिओतच दिसलं. समोर बसून दिसलं नव्हतं. मग शिकवलं: डबा घट्ट बंद करून द्या, मनात पाच आकडे मोजा, गप्प बसा. तिसऱ्या आठवड्यात त्यानं डबा उचलून माझ्या हातात दिला. शब्द नाही, पण मागणं ते मागणंच की.

ही पद्धत नवी नाही. शेजारच्या गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत अशा पालकांमार्फतच्या थेरपीची 65 मुलांवर चाचणी झाली होती, निष्कर्ष 2016 साली छापून आले. शिकवणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. पालक पोराच्या कलानं घ्यायला लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद साधायला लागली. म्हणजे तालुक्याच्या गावात हे होणारच नाही असं काही नाही. आम्हाला मात्र अजून बसनंच जावं लागतं.

आणखी एक गोष्ट. आई म्हणायची, दृष्ट लागलीय, आणि सुनेनं मोबाईल दिला म्हणून झालं. मॅडमनी तिला बोलावून घेतलं. "आजी, तुमच्या सुनेमुळं हे झालेलं नाही" हे तीनदा सांगितलं, पण दृष्ट काढू नका असं एकदाही म्हणाल्या नाहीत. आई आता मीठ-मोहरी ओवाळते आणि पाच आकडेही मोजते. बायकोला त्या एका वाक्यानं जेवढी झोप लागली तेवढी माझ्या वर्षभराच्या समजुतीनं लागली नव्हती.

कागदांचंही त्यांनीच सांगितलं: दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यात ऑटिझम येतो, प्रमाणपत्रासाठी 40 मुद्द्यांची तपासणी असते, युडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र काढा, निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. शाळेसाठी कन्नडमधून पत्र दिलं.

तक्रारी आहेतच. घरी करायच्या गोष्टींचे कागद इंग्रजीत. बायको फोनवर मॅडमकडून मराठीत ऐकून वहीत उतरवून घेते. जुलैमधे आमच्याकडं पाऊस सुरू झाला की बस नाही, लाईट नाही. थेरपीच्या तीन भेटी चुकल्या, फोनवर घेतलेल्या वेळेचेही पूर्ण पैसे लागले. शिवाय सगळं करायचं आम्हीच. भात लावणीच्या दिवसात दमून आल्यावर पाच आकडे मोजायचं त्राण नसतं. हे सांगितलं तेव्हा मॅडमनी यादी अर्धी केली: "आठवडाभर फक्त चिरमुरे." ते बरं वाटलं.

बोलणं किती येईल, असं विचारलं तर त्या आकडा सांगत नाहीत. मलाही आता तो विचारावासा वाटत नाही.

पुढचा व्हिडिओ आईचा काढायचाय. नवं लुगडं नेसूनच बसणार म्हणतेय.