जुन्या लष्करी गाडीचं ग्रीसिंग: ब्रिटिश हत्यारं घ्यावीत की नवी?

जुनी जीप किंवा सिरीज वन लँड रोव्हर दारात आली की पहिला खर्च हत्यारांचा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात किंग डिक, ब्रिटूलचे पाने आणि टेकालेमिटची पितळी तोंडाची ग्रीस गन दिसली की हात आपोआप खिशाकडे जातो. माझं सांगणं एवढंच, की आधी गाडीखाली जाऊन निपल (ग्रीस भरायचं टोक) आणि बोल्ट बघा, मगच पैसे काढा.

आधी गनचं बघू. जुन्या ब्रिटिश पुश गनचं तोंड निपलवर टेकवायचं आणि अख्खी गन अंगाच्या जोराने पुढे रेटायची. आतला दट्ट्या बारीक असतो, त्यामुळे दाब चांगला तयार होतो, पण एका दाबात ग्रीस थोडंच जातं. मला ही गन आवडते ती याच कारणासाठी. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे त्याच्या युनिव्हर्सल जॉइंटवर, जुनी सील असतात. तिथे ग्रीस किती चाललंय ते हाताला कळतं आणि सील बाहेर येण्याआधी थांबता येतं. दांडी मारून दाब देणाऱ्या नव्या लिव्हर गनने तीच सील दोन-चार दांड्यांत उडवता येतात.

पण पुश गनला निपलसमोर सरळ जागा लागते. पाट्याच्या शॅकलमागे (पाटा चासीला जोडणारी कडी) किंवा स्टिअरिंगच्या जॉइंटपाशी ती नीट बसत नाही, तिरकी होते आणि ग्रीस बाहेर सांडतं. लिव्हर गनचा लवचिक पाइप तिथे सहज पोचतो. तिचा चार जबड्यांचा कपलर, म्हणजे पाइपच्या टोकाची पकड, निपलला पकडून बसतो, त्यामुळे एक हात मोकळा राहतो. जीपच्या शॅकलला तर लिव्हर गनच हवी. तिथले बुश आट्यांचे असतात. वर्षानुवर्षं सुकलेलं ग्रीस त्या आट्यांतून ढकलायला जोर लागतो. चासी जॅकवर घेऊन पाट्यावरचा भार काढा आणि कडेने स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारा. शॅकल खोलायची वेळ आली तर आधी नीट बघा. काही शॅकल उलट्या आट्यांचे असतात आणि ओळखू यावेत म्हणून त्यांच्या दांडीवर छोटा उंचवटा ठेवलेला असतो.

जुन्या निपलचा आकार वेगळा असेल, तर नवा कपलर त्यावर बसणारच नाही. मग निपल बदला, पण आटे मोजून. ब्रिटिश पाइप आट्यांच्या १/८ बीएसपीला इंचात २८ आटे, अमेरिकन पाइप आट्यांच्या १/८ एनपीटीला २७. चुकीचं निपल दोन फेरे गोडीत आत जातं, मग अडकतं. तिथे जोर लावलात तर भोकाचे आटे गेलेच म्हणून समजा.

पान्यांचा निर्णय त्यामानाने सोपा आहे. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्यावर कोरलेला आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या मापाचा नाही. १/४ व्हिटवर्थच्या पान्याचं तोंड ०.५२५ इंच, म्हणजे साधारण १३.३ मिलिमीटर. तेरा नंबरचा पाना त्या डोक्यावर चढत नाही, चौदाचा घसरतो आणि कोपरे खातो. त्यामुळे सिरीज वन लँड रोव्हरसारखी बीएसएफ आट्यांची (बारीक ब्रिटिश आटे, त्यांच्या डोक्यांनाही व्हिटवर्थचेच पाने लागतात) गाडी असेल, तर व्हिटवर्थ संचाला पर्याय नाही. तिथे जुना ब्रिटिश संच घेणं हा शौक नव्हे, गरज आहे.

जीपचं मात्र तसं नाही. विलिस अमेरिकन, १९४० च्या दशकाअखेरपासून महिंद्राने मुंबईत जोडलेल्या जीपही त्याच घराण्यातल्या. त्यांना इंची एएफ पाने (आकडा थेट बोल्टच्या डोक्याच्या मापाचा) लागतात, आपले मिस्त्री ज्यांना साडेतीन सूत, चार सूत, साडेचार सूत म्हणतात ते. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने युनिफाइड आटे १९४८ साली ठरवले, त्यामुळे त्यानंतरच्या बऱ्याच ब्रिटिश लष्करी गाड्यांनाही हेच पाने चालतात. जीपवाल्याने ब्रॉड ॲरोचा, म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाच्या खुणेचा, बाण कोरलेला व्हिटवर्थ पाना भिंतीवर लावायला जरूर घ्यावा. बोल्टवर लावू नये.

तर जीप असेल तर नवी लिव्हर गन आणि एएफ पाने घ्या. जुनी ब्रिटिश गाडी असेल तर व्हिटवर्थ संच, शॅकलला निपल असेल तर त्यासाठी लिव्हर गन आणि क्रॉससाठी पुश गन. वॉटर पंपाला ग्रीसिंगची सोय असेल तर तिथेही पुश गनच वापरा. चाकांच्या बेअरिंगला यातली कुठलीच गन नको. बेअरिंग काढून धुवायचं आणि तळव्यावर ग्रीस घेऊन हाताने भरायचं.

बाजारात पुश गन तपासताना तोंड रबराच्या जाड तुकड्यावर घट्ट टेकवून गन रेटा. मागून हवा किंवा तेल आलं तर आतला चामडी वॉशर सुकलाय. तो तेलात भिजवून बहुतेक वेळा परत जिवंत होतो, तेवढ्यासाठी चांगली गन सोडू नका. नळी आतून खरवडलेली असेल तर मात्र पुढच्या दुकानाकडे वळा. आणि गनमध्ये जुनं ग्रीस उरलेलं असेल तर ते रॉकेलने पूर्ण धुऊन काढा. ते सोड्याचं की कॅल्शियमचं हे दिसून कळत नाही, आणि आजच्या लिथियम ग्रीसमध्ये मिसळलं तर दोन्ही पातळ होऊन बेअरिंगमधून वाहून जाऊ शकतात.