नव्या खोक्यातला जुना फॅन क्लच

आमच्याकडे २००२ सालची टोयोटा क्वालिस आहे, २.४ लिटरच्या डिझेल इंजिनाची. इनोव्हाला वाट करून देत ही गाडी बाजारातून गेली त्याला आता वीस वर्षे होऊन गेली आहेत, त्यामुळे तिचे सुटे भाग शोधत फिरावे लागते आणि मिळाला की माणूस फारशी चौकशी न करता घेतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याचा क्लच घेताना माझी फसवणूक नेमकी या घाईमुळे झाली. गाडीची किरकोळ कामे मी गेली पंधरा वर्षे घरीच करतो आणि आपल्याला त्यातले थोडेफार कळते असे मला वाटत होते, हेही येथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये गावातल्या गर्दीत गाडीचा तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकू लागला. महामार्गावर तो जागेवर यायचा, सिग्नलला थांबलो की पुन्हा चढायचा. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, पुरेसे होते, रेडिएटरच्या जाळ्या स्वच्छ होत्या, त्या द्रवाची वाट उघडझाप करणारा थर्मोस्टॅट आदल्याच वर्षी बदललेला होता. इंजिन बंद करून रेडिएटरमागचा पंखा हाताने फिरवला, तेव्हा तो कसलाही विरोध न करता चार-पाच फेरे फिरत राहिला आणि त्याच्या मध्यावरच्या क्लचच्या दर्शनी भागावर तेलात माखलेल्या धुळीचे फराटे दिसले. या पंख्याला विजेची मोटर नसते. तो वॉटर पंपाच्या आसावर बसतो आणि मध्ये सिलिकॉन तेलाने भरलेला क्लच असतो. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की क्लचच्या तोंडावरची द्विधातूची गुंडाळी वळते, आतली झडप उघडते, घट्ट तेल चकत्यांच्या मध्ये येते आणि पंखा इंजिनाबरोबर जोराने फिरू लागतो. माझ्या क्लचमधले तेल गळून गेले होते, म्हणजे निदान बरोबर होते. पुढचे सगळे चुकले.

मी साताऱ्याला राहतो. पुण्यात कामासाठी गेलो असताना सुट्या भागांच्या एका दुकानात शिरलो. दुकानदाराने खोके काढून दिले. त्यावर नामांकित कंपनीचे नाव, चकाकणारा होलोग्राम, आत प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात चांदीसारखा लखलखीत क्लच. मी तो हाताने फिरवून पाहिला, चांगला घट्ट होता. किंमत ३,२०० रुपये सांगितली. पक्के बिल हवे असेल तर २८ टक्के जीएसटी वर पडेल असे सांगून तो म्हणाला, “काका, उगाच सरकारला कशाला देता? आणि जुना पीस आणून दिलात तर चारशे कमी करतो.” जुना क्लच त्या वेळी गाडीतच होता, तरी पुढच्या खेपेला नक्की आणतो असे मी कबूल केले आणि त्याने ते चारशे आगाऊच कमी केले. माझा मोबाइल हातात असताना ‘नेटवर्क नाही’ म्हणून त्याने पैसे रोख घेतले. हातात पडली ती दुकानाचे नाव नसलेली, पेनाने रक्कम लिहिलेली चिठ्ठी.

रविवारी सकाळी इंजिन थंड असताना काम काढले. बॅटरीची ऋण तार सोडवली, रेडिएटरच्या जाळीला धक्का लागू नये म्हणून मध्ये पुठ्ठा उभा केला. क्लच वॉटर पंपाच्या पुलीला चार नटांनी बसतो. पट्टा ताणलेला असतानाच हे नट सैल करावे लागतात, नाहीतर पुली पान्याबरोबर फिरत राहते. मग श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचे आवरण, मग पंखा आणि क्लच एकत्र बाहेर. दीड तासात जोडणी पूर्ण झाली. गाडी चालू केली तेव्हा पंखा अगदी शांत होता आणि मी खूश झालो. वास्तविक येथेच शंका यायला हवी होती, कारण बराच वेळ पडून राहिलेला चांगला क्लच पहिल्यांदा चालू करताना काही काळ घोंगावतो, आतले तेल पसरलेले असते म्हणून, आणि मग आवाज बसतो. मी मात्र शांततेलाच कामाची पावती समजलो.

दोन आठवडे गाडी साताऱ्यातच फिरली आणि त्या काळात वळवाच्या पावसाने हवाही निवली होती. मग पुण्याहून परतताना घरातले पाच जण आणि सामान घेऊन खंबाटकी घाट चढायला लागलो. पुण्याहून साताऱ्याकडे येणारी वाहतूक तेव्हा घाटातून चढत असे, बोगदा उलट दिशेच्या वाहनांसाठी होता, त्यामुळे ही चढण टाळता येत नव्हती. पुढे मालट्रकांची रांग होती, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आणि बाहेर मेचे ऊन. तिसऱ्या वळणापर्यंत काटा लाल पट्टीला टेकला. एसी बंद केला, इंजिनाची उष्णता ओढून घ्यावी म्हणून हीटर पूर्ण सोडला, खिडक्या उघडल्या. काटा थोडा खाली आला आणि आम्ही कसेबसे कडेच्या रुंद जागेपर्यंत पोचलो. माझी आई मागच्या सीटवर घामाने भिजून गेली होती आणि तिला या वयात हीटरची हवा सोसावी लागली, याचा राग मला २,८०० रुपयांच्या रागापेक्षा जास्त आहे. इंजिन निवेपर्यंत पाऊण तास थांबलो, रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. इंजिन तापले की आधी जळणारे हेड गॅसकेट वाचले, हे नशीब.

घरी आल्यावर क्लच पुन्हा उतरवला. आता तो हाताने फिरवला तर जुन्यासारखाच भिंगरीसारखा फिरत होता. दुकानात जाणवलेला घट्टपणा बेअरिंगमध्ये भरलेल्या जाड ग्रीसचा असावा, आणि उष्णतेने ते पातळ होताच ढोंग संपले, असा माझा तर्क आहे. थंड क्लच हाताने फिरवून पाहण्याची जी परीक्षा सगळे सांगतात, ती अशा मालावर सहज पास होते. थिनरचा बोळा फिरवल्यावर चांदीचा रंग निघून आला आणि खाली खड्डे पडलेले जुने ॲल्युमिनियम दिसले. नटांच्या भोकांभोवती पूर्वी कधीतरी आवळलेल्या नटांच्या गोल खुणा होत्या, आणि एका कडेला पंखा परत त्याच जागी बसावा म्हणून कोण्या मेकॅनिकने पंचने ठोकलेले दोन ठिपके. केस वाळवण्याच्या यंत्राने गुंडाळीला ऊब दिली. चांगली गुंडाळी वळताना डोळ्यांना दिसते, ही हलली नाही, कारण ती एपॉक्सीने मधल्या दांडीसकट चिकटवलेली होती. कडेने झिरपलेले तेल पातळ आणि तपकिरी होते, सिलिकॉन तेल तसे नसते.

माझा जुना क्लच मी अजून दिलेला नव्हता. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले तेव्हा त्या चारशे रुपयांच्या सवलतीचा अर्थ उमगला: जुना पीस हाच त्या दुकानदाराचा कच्चा माल होता.

दुकानात गेलो. “हा माल आमचा नाहीच,” हे पहिले वाक्य, आणि “घरी बसवलात ना, मग हमी कशी मिळणार?” हे दुसरे, ही दोन वाक्ये एकमेकांना छेद देतात हे त्याच्या गावीही नव्हते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे आणि बिलावर मुदत नसेल तर सदोष वस्तू ३० दिवसांत परत न घेणे हीसुद्धा. हे मी त्याला ऐकवले. त्याने शांतपणे विचारले, “बिल कुठंय?” राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला, तेव्हाही प्रश्न आला तो दुकानाचे नाव आणि पैसे दिल्याचा पुरावा यांचाच. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, पण बिननावाच्या चिठ्ठीवर मी काय सिद्ध करणार होतो? जीएसटी वाचवण्याचा मोह माझाही होता, आणि दुकानदाराने तोच हेरला.

नंतर पक्के बिल घेऊन अधिकृत विक्रेत्याकडून क्लच मागवला, यायला अकरा दिवस लागले. बसवल्यावर पहिले मिनिटभर पंखा विमानासारखा घोंगावला आणि मग शांत झाला. खंबाटकी त्यानंतर चार वेळा चढलो, काटा अर्ध्यावरच राहिला.

दोन्ही जुने क्लच मी भंगारवाल्याला दिले. देण्याआधी हॅकसॉने त्यांच्या कडा कापल्या आणि गुंडाळ्या उपसून काढल्या. “काका, अख्खे दिले असते तर पन्नास जास्त दिले असते,” असे तो वजन करताना म्हणाला.