रामनगरमध्येच राहा, रिसॉर्टच्या पट्ट्यात नको! (कॉर्बेट ट्रिप, आईबाबांसोबत)

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाच दिवस कॉर्बेटला (उत्तराखंडातलं वाघांचं जंगल, रामनगर हे त्याच्या लगतचं गाव) जाऊन आलो, मी, नवरा आणि माझे आईबाबा, दोघंही सत्तरीच्या पुढचे. तिथे दोन ठिकाणी राहिलो आणि दोन अगदी वेगळे अनुभव आले, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण जायच्या आधी मी स्वतः शोधत होते तेव्हा सगळीकडे रिसॉर्टचीच माहिती मिळाली, रामनगर गावात राहायचं का नाही हे कोणी धड सांगतच नव्हतं.

पुण्याहून दिल्ली विमानाने, आणि जुन्या दिल्लीहून रात्रीची ट्रेन, पहाटे रामनगर. रूळ इथेच संपतात, पुढे डोंगर. (वांद्रे टर्मिनसहून आठवड्यातून एकदा थेट रामनगर गाडी पण आहे, पण तेवढा प्रवास बाबांच्या पाठीला झेपला नसता.) स्टेशनबाहेर आलो तर अंधार, धुकं, चहावाल्याकडे शेकोटी पेटलेली आणि तिच्याभोवती जिप्सीवाले (सफारीच्या उघड्या जीपचे ड्रायव्हर) हात शेकत उभे. थंडी चांगलीच होती. मार्च म्हणजे आपल्याकडे उन्हाळा लागलेला असतो, म्हणून आईने स्वेटर बॅगेच्या तळाशी टाकला होता, तो तिथेच फलाटावर बॅग उघडून काढावा लागला.

पहिल्या रात्रीचं बुकिंग राणीखेत रोडवरच्या एका रिसॉर्टमध्ये होतं. नाव लिहीत नाही. गावापासून उत्तरेला कोसी नदीच्या कडेकडेने हा रस्ता जातो आणि ढिकुलीच्या आसपास ओळीने रिसॉर्टच रिसॉर्ट आहेत. खोली छान, स्विमिंग पूल छान, नाश्ता भरपूर, त्याबद्दल तक्रार नाही. पण संध्याकाळी लॉनवर कोणाचं तरी लग्न, आणि डीजे जो सुरू झाला तो रात्री उशिरापर्यंत. बाबा कानात कापूस घालून झोपले. मला झोप लागलीच नाही, आणि नुसत्या आवाजामुळे नाही. नदीच्या एका बाजूला कॉर्बेट आणि दुसऱ्या बाजूला रामनगर वनविभागाचं जंगल, हत्ती इथूनच नदीवर येतात, पलीकडे जातात, त्यांची पिढ्यान् पिढ्यांची वाट आहे ही. त्या वाटेवर भिंती आणि कुंपणं उभी राहिलीयत आणि वर हा ढणढणाट. आपण जंगल बघायला आलोय आणि जंगलाचाच रस्ता अडवून बसलोय, हे मला रात्रभर टोचत राहिलं. फ्रंट डेस्कवर दोनदा फोन केला, "बस मॅडम, दस मिनिट" एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान उचललं आणि गावात आलो. जिप्सीवाल्या दादाने एक होमस्टे सुचवला होता, जंगलाच्या आमडंडा गेटच्या बाजूला, बसस्टँडवरून ई-रिक्षाने दहा मिनिटं. साधं दुमजली घर, अंगणात लिचीची दोन झाडं, मोहोर आलेला. इथली लिची प्रसिद्ध आहे, 2023 मध्ये रामनगर-नैनिताल लिचीला जीआय टॅग (त्याच भागाचं खास उत्पादन म्हणून सरकारी नोंद) पण मिळाला, पण फळ खायचं तर जूनमध्ये यायला हवं. खोलीत गीझर, जाड रजया, स्वच्छ बाथरूम. एसी नाही, लागतही नाही. वायफाय कधी चालतं कधी नाही. संडास वेस्टर्न आहे हे मुद्दाम सांगते, कारण गुडघेदुखीवाल्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. जिना मात्र उंच पायऱ्यांचा आहे, त्यामुळे वयस्कर माणसं असतील तर तळमजल्याची खोली आधीच मागून घ्या. तिथे आम्ही चार दिवस राहिलो आणि खरी ट्रिप तिथूनच सुरू झाली असं मी म्हणेन.

जेवणाचं आधी सांगते कारण आई अजून त्याबद्दलच बोलतेय. घरच्या दीदीला आम्ही म्हटलं, पनीर-बिनीर नको, तुम्ही घरी जे खाता तेच द्या. पहिल्याच रात्री ताटात गहतची डाळ, मडुव्याची रोटी, आलूचे गुटके आणि भांगेच्या बियांची चटणी. आईने डाळीचा एक घोट घेतला आणि म्हणाली, "अगं, हे तर आपले कुळीथ!" खरंच, गहत म्हणजे कुळीथच, आणि मडुवा म्हणजे नाचणी. मग आई उठून थेट स्वयंपाकघरातच गेली, दीदीला हिंदीत (आईची हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावलेली) कुळथाचं पिठलं कसं करतात ते सांगितलं, आणि तिच्याकडून भट्टची चुडकानी शिकून घेतली. भट्ट म्हणजे काळं सोयाबीन, ते लोखंडाच्या कढईत तेलात तडतडवायचं, त्यातच पीठ परतायचं आणि पाणी घालून मंद आचेवर आटवत ठेवायचं, कढईमुळे रंग काळपट होतो. भाताबरोबर अप्रतिम लागतं. भांगेच्या चटणीला बाबा घाबरत होते, पण बियांनी नशा नाही होत, भाजून, वाटून, लिंबू पिळून करतात, चव साधारण तीळ-कारळ्याच्या जवळची. आम्ही पाव किलो भट्ट आणि अर्धा किलो गहत बाजारातून बांधून आणलं, शिवाय बालमिठाई. ती मूळ अल्मोड्याची, पण इथे ताजी मिळते. खवा तपकिरी होईपर्यंत भाजून केलेल्या वड्या असतात आणि बाहेरून साखरेचे पांढरे दाणे चिकटवलेले.

आता सफारी. कॉर्बेटमध्ये झोन वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचं गेट वेगळं, इथेच लोकांचा गोंधळ होतो. बिजरानीचं आमडंडा गेट गावाला जवळजवळ लागून आहे. ढिकालाचं धनगढी गेट गावापासून 18 किमी आणि तिथून आत ढिकाला अजून तीसेक किमी. झिरना आणि ढेला दुसऱ्याच दिशेला, पण ते वर्षभर चालू असतात. बिजरानी 15 ऑक्टोबर ते 30 जून आणि ढिकाला 15 नोव्हेंबर ते 15 जून, बाकी वेळ बंद. त्यामुळे आधी परमिट कुठल्या झोनचं मिळतंय ते बघा आणि मगच राहायचं ठरवा, उलटं करू नका. आम्ही रिसॉर्टवर राहिलो असतो तर बिजरानीच्या सकाळच्या सफारीसाठी काळोखात गारठत एवढ्या लांब यावं लागलं असतं. गावातून दहा मिनिटांत गेटवर. पहाटेचा हा अर्धा-पाऊण तास वाचणं आईबाबांसारख्यांसाठी फार मोठी गोष्ट आहे.

परमिट सरकारी साइटवरूनच काढा. मी आधी एका एजंटच्या साइटवर फसले, नाव आणि फोटो बघून ती सरकारीच वाटली, आणि पैसे जवळजवळ दुप्पट लावले. सरकारी साइटवर वेळ लागतो, पेमेंट अडकतं, तरी तिथेच करा. ओळखपत्राचा जो नंबर टाकाल तेच मूळ ओळखपत्र बरोबर हवं, झेरॉक्स चालत नाही. नंतर काढलेल्या बिजरानीच्या सफारीला परमिट, जिप्सी, गाईड सगळं धरून आम्हाला सहा हजारांच्या आत पडलं, चौघांत.

बिजरानीला आमची गाईड एक तरुण मुलगी होती, जवळच्याच गावातली. ड्रायव्हरला ती दाज्यू म्हणायची, कुमाऊंनीत मोठ्या भावाला दाज्यू म्हणतात, मग आम्हीही दाज्यूच म्हणायला लागलो. आईला ती "आंटीजी" आणि आई तिला "पोरी". या पोरीने आम्हाला तीन तासांत जे दाखवलं ते मी ताडोबाच्या चार ट्रिपमध्ये पाहिलं नव्हतं, कारण ती वाघाच्या मागे धावलीच नाही. गेटातून आत गेल्यावर वीसेक मिनिटांत तिने गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या धुळीत पगमार्क. म्हणाली, नीट बघा, ठसा आदल्या संध्याकाळच्या टायरच्या खुणेवर उमटलाय, म्हणजे वाघ शेवटची गाडी गेल्यानंतर इथून गेलाय. मग ठशावरची बारीक खळगी दाखवली, दवाचे थेंब झाडावरून पडून झालेली, म्हणजे पहाटेच्या आधीच गेलाय, आत्ताचा नाही. पंजा चौकोनी, बोटं जाड, म्हणजे नर. मादीचा थोडा लांबट असतो. हातभर जागेत रात्रभराची गोष्ट लिहिलेली होती आणि ती एकेक ओळ वाचून दाखवत होती. बाबा शाळेत मास्तर होते, ते जिप्सीतून इतके वाकून बघत होते की मला त्यांचा शर्ट धरून ठेवावा लागला.

आणि काटेसावर! साल वृक्षांच्या हिरव्या जंगलात मधेमधे लालभडक फुललेल्या सावरी, पान एक नाही. इथे तिला सेमल म्हणतात. वर वानरं बसून फुलं खात होती आणि अर्धवट खाल्लेली खाली टाकत होती, आणि खाली चितळांचा कळप ती पडलेली फुलं वेचून खात होता. एक छोटं पाडस फूल तोंडात धरून आमच्याकडे बघत उभं होतं, ओठांच्या बाहेर लाल पाकळी लोंबतेय. तिथे आम्ही बराच वेळ थांबलो. मागून दोन जिप्स्या आल्या, "कुछ है क्या?" विचारलं आणि पुढे निघून गेल्या.

नंतर सोतेत (पावसाळी ओढ्याला इथे सोत म्हणतात) सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, आला. चितळ उगाचही ओरडतं पण सांबर सहसा खोटं बोलत नाही, असं पोरगी म्हणाली. इंजिन बंद करून पंधरा मिनिटं बसलो, कोणी काही बोललं नाही. वाघ आला नाही. ती पंधरा मिनिटं मात्र अंगावर काटा होता.

ढिकालाला दिवसाच्या फेरीसाठी जिप्सी नेता येत नाही, जिप्सी फक्त आत मुक्काम असेल तरच. मुक्कामाचं आम्हाला मिळालं नाही म्हणून कॅन्टर घेतला, 16 सीटची उघडी गाडी, रामनगरमधूनच निघते, हाही गावात राहायचा फायदा. प्रामाणिकपणे सांगते, कॅन्टरमध्ये पाठीचे हाल होतात, त्यातून मागची सीट मिळाली तर विचारू नका. बाबांसाठी पुढची सीट विनंती करून घेतली, लोकांनी दिलीही. पण हाय बँकवर, म्हणजे नदीच्या उंच काठावर, उतरून खाली रामगंगेत घडियाल (लांब निमुळत्या तोंडाची सुसर) बघितली, वाळूवर पसरलेली मगर आणि पाण्यात महसीर माशांच्या सावल्या, आणि पुढे ढिकालाच्या चौडवर, म्हणजे गवताळ मैदानात, हत्तींचा कळप पिल्लांसकट, तेव्हा बाबा पाठ विसरले. वाघ पण दिसला, नदीपलीकडे, दुर्बिणीतून, गवतात शिरताना. एक मिनिटसुद्धा नाही. 1973 मध्ये प्रोजेक्ट टायगर याच कॉर्बेटमधून सुरू झाला आणि 2022 च्या गणनेत इथे 260 वाघ मोजले गेले, देशातल्या कुठल्याही व्याघ्रप्रकल्पापेक्षा जास्त. तरी ताडोबासारखा वाघ इथे पटकन दिसत नाही, गवत उंच, जंगल दाट आणि परिसर प्रचंड. फक्त वाघच बघायचा असेल तर मी कॉर्बेट सुचवणार नाही.

सफारी नसलेली सकाळ कोसी बॅरेजवर, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्यावर, घालवा, याला एक रुपया लागत नाही. चक्रवाक बदकांच्या जोड्या होत्या. तिथून गर्जिया देवीच्या बाजूला नदीत गोल गोट्यांमध्ये नवऱ्याने आयबिसबिल नावाचा पक्षी शोधला. राखाडी पक्षी राखाडी दगडांत, लाल बाकदार चोच हलेपर्यंत दिसतच नाही. जगभरातून लोक हा पक्षी बघायला इथे येतात. गर्जियाचं देऊळ नदीच्या पात्रातल्या एकट्या उंच खडकावर आहे, पायऱ्या खूप चढ्या, आईबाबांनी खालूनच नमस्कार केला.

गावाच्या तक्रारीही आहेत. बाजारातला रस्ता अरुंद, हॉर्न सतत, आणि रेती-गोट्यांचे ट्रक धूळ उडवत जातात, दमा असेल तर मास्क ठेवा. रात्री नऊनंतर जेवायला फारसं काही मिळत नाही. रोमँटिक व्ह्यू वगैरे हवा असेल तर होमस्टेच्या खिडकीतून समोरच्यांची गच्ची आणि वाळत घातलेले कपडे दिसतात. आणि होमस्टेवाल्यांना एक सांगून आले, खोल्यांना मच्छरदाणी लावा, मार्चमध्येच डास होते.

निघताना दीदीने आईच्या हातात डबा दिला, ट्रेनमध्ये खायला गुटके आणि रोट्या. आईने तिला आपला गोडा मसाला पाठवायचं कबूल केलं होतं, तो मागच्या सोमवारी स्पीड पोस्टाने पाठवला. काल तिचा फोन आला, पोचला म्हणून, आणि गहतच्या डाळीत घालून बघितला म्हणाली.