‘राग’ लिहायला घ्या, मग कळेल: मराठी विकिपीडियाच्या संपादन-सोयींचं परीक्षण

राग म्हटलं की यमनही आला आणि संतापही. मराठी विकिपीडियाची संपादन-यंत्रणा पारखायची तर याहून अडचणीचा शब्द शोधून सापडणार नाही. २००३ पासून चालू असलेला हा फुकट ज्ञानकोश लिहिणाऱ्याला अवजारं उत्तम देतो. पण त्यातलं जे सगळ्यात सोपं दिसतं, तेच पान बिघडवतं. पाचपैकी साडेतीन तारे, आणि दीड कापला तो त्यासाठीच.

खातं उघडायला सदस्यनाव आणि पासवर्ड पुरतो. ईमेल ऐच्छिक आहे, तरी द्याच. पासवर्ड विसरल्यावर तो परत मिळवायची वाट तेवढीच. पहिला मसुदा थेट पानावर न टाकता स्वतःच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर करावा.

खरी डोकेदुखी नावाची. लिहिण्याआधी राग, क्रोध, संताप हे तिन्ही शब्द शोधून पाहा. भावनेवरच्या पानाला कंसातलं नाव द्यावं लागतं, ‘राग (भावना)’ असं, आणि गाण्यातल्या रागापासून त्याची फारकत करणारं निःसंदिग्धीकरण पान वेगळं. ‘क्रोध’ शोधणाऱ्यासाठी पुनर्निर्देशन ठेवलं की झालं. हे न पाहता कुणी ‘राग’ आणि ‘क्रोध’ अशी दोन पानं केली, तर विकिडेटाच्या, म्हणजे सगळ्या भाषांतली पानं एकमेकांना जोडणाऱ्या सामायिक कोठाराच्या, एका नोंदीला एका भाषेतलं एकच पान जोडता येत असल्याने दुसरं पान इतर भाषांपासून तुटून पडतं. मात्र ‘रुसवा’ रागाकडे वळवू नका. राग कुणाचाही येतो, रुसायचं ते आपल्याच माणसावर. रुसव्याच्या अर्थछटा विक्शनरीत, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड-शब्दकोशात शोभतील आणि ‘नाकावर राग’सारखे वाक्प्रचारही तिथेच.

टंकनाची सोय पानातच आहे. कंट्रोल आणि एम एकत्र दाबलं की मराठी कळफलक चालू-बंद होतो. फक्त ‘करणाऱ्या’सारख्या शब्दांतला ऱ्य सांभाळा. तो दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ वापरलेला असतो, दुसऱ्यात साध्या र्‌ नंतर न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण ब्राउझरमध्ये एकाने शोधलं तर दुसरा हाती लागेलच असं नाही.

दृश्य संपादकात दुव्यासाठी कंट्रोल-के आणि संदर्भासाठी कंट्रोल-शिफ्ट-के. इंग्रजी पुस्तकाचा आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख-क्रमांक) टाकला की संदर्भ बहुधा आपोआप भरला जातो. मराठी पुस्तकाच्या बाबतीत लेखकाचं नाव रोमनमध्ये येतं किंवा काहीच येत नाही, आणि जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएनच नसतो. तिथे लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक हातानेच भरा. पृष्ठक्रमांक गाळलात तर पुढचा माणूस ते विधान तपासणार कसं? तोच ग्रंथ पुन्हा लागला तर आधीच्या संदर्भाचा पुनर्वापर करा, नाहीतर तळाशी एकच पुस्तक सहा वेळा दिसतं.

आता त्या सोप्या बटणाबद्दल. भाषांतराचं अवजार इंग्रजी परिच्छेद डावीकडे ठेवून उजवीकडे यंत्राचा मसुदा देतं. दुवे, चित्रं, संदर्भ उचलून आणण्यात ते वाकबगार आहे. पण मानसशास्त्राच्या परिभाषेत ते घसरतं. ‘स्टेट अँगर’ म्हणजे त्या क्षणापुरता आलेला राग. यंत्राच्या हाती त्याचा ‘राज्य राग’ व्हायला वेळ लागत नाही. व्याकरण बरोबर असतं, म्हणून चूक चटकन दिसतही नाही. शिवाय कर्मणी वाक्यांची अशी रांग लागते की कोण रागावलंय तेच कळत नाही. सांगाडा या अवजाराकडून घ्या, वाक्यं स्वतः लिहा.

आशयात सगळ्यात मोहाची जागा नाट्यशास्त्राची. भरताचे आठ स्थायी भाव रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या मूळ सहा भावना राग, किळस, भीती, आनंद, दुःख, आश्चर्य. पाच जोड्या पटापट जुळतात, आणि लिहिणारा लगेच तक्ता मांडून बसतो. आनंद आणि हास एक नव्हेत, रती-उत्साहाला समोर जोडीदार नाही, आणि मुळात स्थायी भाव ही रंगभूमीवरच्या रसनिष्पत्तीची संकल्पना आहे. तिथे क्रोधाचा रौद्र रस होतो. एकमन बोलतात ते चेहऱ्यावरच्या हावभावांबद्दल. ही तुलना एखाद्या अभ्यासकाने छापील लिखाणात केली असेल तर त्याच्या नावाने द्या. स्वतः केलीत तर ते मूळ संशोधन, आणि विकिपीडियावर त्याला जागा नाही. दोन वेगळे विभाग करून दोन्ही परंपरा आपापल्या शब्दांत मांडणं बरं.

‘अमिग्डाला हे रागाचं केंद्र’ असं एका ओळीत उरकू नका. राग मेंदूच्या एकाच ठिपक्यात राहत नाही. रागाने रक्तदाबावर काय परिणाम होतो असलं काही लिहायचं तर बातमीचा दुवा चालणार नाही, आढावा घेणारा शोधलेख किंवा पाठ्यपुस्तक लागेल. संदर्भ हाती नसेल तर वाक्य काढा. ‘संदर्भ हवा’ हा साचा दुसऱ्याच्या वाक्यासाठी असतो, स्वतःच्या आळसासाठी नव्हे.

प्रकाशित करण्याआधी झलक पाहा आणि संपादन सारांशात नेमकं लिहा: ‘शरीरक्रिया विभाग वाढवला, दोन संदर्भ जोडले’. ‘सुधारणा’ एवढंच लिहिलं की गस्त घालणाऱ्याला संशय येतो. कुणी बदल उलटवला तर पुन्हा उलटवत बसू नका, चर्चापानावर कारण विचारा. रागाच्याच पानावर संपादनयुद्ध पेटलं तर बघणाऱ्यांची करमणूक होईल, पान मात्र कुलूपबंद होईल.

चित्रासाठी चार्ल्स डार्विनच्या १८७२ च्या भावनाविषयक पुस्तकातली चित्रं आणि छायाचित्रं उत्तम, त्यांचा कॉपीराइट कधीच संपलाय. कॉमन्सवरून, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहातून घेताना चित्राखालची ओळ मराठीत लिहा आणि वर्ष विसरू नका. आणि चेहरा रागाचाच आहे ना, ते मूळ पुस्तकाशी ताडून बघा. त्यातले भीतीचे आणि वेदनेचे चेहरेही पहिल्या नजरेला रागीटच वाटतात.